ह्यूक पाद्र्याच्या तिबेट-प्रवासाच्या आठवणी : साक्ष म्हणून किती धराव्या?

एव्हारिस्त रेजिस ह्यूक या फ्रेंच पाद्र्यानें तार्तरी, तिबेट व चीन या देशांतील आपल्या प्रवासाच्या आठवणी इ. स. १८५० मध्यें पॅरिस येथें दोन भागांत प्रसिद्ध केल्या. दोनएक वर्षांच्या आंतच हॅझ्लिट यानें त्यांचें इंग्रजी भाषांतर केलें, आणि आपल्याकडील वाचकांस हा ग्रंथ ठाऊक असला तर तो बहुधा या भाषांतराच्या द्वारेंच. ग्रंथ वाचावयास विलक्षण गोड आहे. एकदां हातीं घेतला म्हणजे खालीं ठेववत नाहीं. आणि नेमका हा गोडपणाच ग्रंथकाराच्या अंगाशीं आला. जो इतकें रंगवून सांगतो तो खरें सांगत असेल काय, अशी शंका प्रथम विनोदानें निघाली, पुढें ती गंभीरपणें मांडली गेली, आणि ह्यूक ल्हासास गेलाच नसावा असें म्हणण्यापर्यंत कांहींची मजल गेली. हा वाद आतां जुना झाला असून त्याचा निकाल ह्यूकच्या बाजूनें लागलेला आहे. तथापि निकाल लागला म्हणून परीक्षण संपलें असें आम्हांस वाटत नाहीं. माणूस त्या वाटेनें गेला होता हें ठरलें. परंतु त्याच्या ग्रंथांतील कोणतें वाक्य किती वजनाचें धरावें, हा प्रश्न तसाच शिल्लक राहिला आहे, आणि संशोधकाचें काम खरें तेथूनच सुरू होतें.

प्रवासाची हकीकत थोडक्यांत अशी. ह्यूक (जन्म १८१३) आणि त्याचा ज्येष्ठ सहकारी जोसेफ गाबे (जन्म १८०८) हे दोघे लाझारिस्ट पंथाचे पाद्री. चीनच्या तटबंदीपलीकडील मोंगल मुलुखांत धर्मप्रसाराची पाहणी करावी म्हणून ते १८४४ मध्यें निघाले. चिनी वेष व शेंडी टाकून त्यांनीं लामांचा पिवळा झगा अंगावर घेतला. बरोबर सामदादचिएंबा नांवाचा, पूर्वी लामा असलेला व पुढें ख्रिस्ती झालेला एक वाटाड्या. तो लहानशा काळ्या खेंचरावर, गाबे उंच सांडणीवर आणि ह्यूक पांढऱ्या घोड्यावर, अशी ही स्वारी डोलोन-नोर, ओर्दोस, अलाशान या मार्गानें कोकोनोर सरोवराच्या बाजूस गेली. कुम्बुम् येथील मठांत व त्याच्या परिसरांत कांहीं महिने राहून दोघांनीं तिबेटी भाषेचा अभ्यास केला. पुढें पेकिंगहून परत येणाऱ्या तिबेटी वकिलातीच्या काफिल्यांत सामील होऊन, ऐन हिंवाळ्यांत पठार ओलांडून, २९ जानेवारी १८४६ रोजीं ते ल्हासास पोंचले. तेथें दोन महिनेही राहावयास मिळालें नाहीं. चिनी अधिकाऱ्यानें त्यांस पहाऱ्याखालीं पूर्वेच्या वाटेनें सेचुआनकडे रवाना केलें, आणि त्याच वर्षाच्या शरदांत ते कँटनकडे उतरले. मकाव येथें राहून ह्यूकनें ग्रंथ लिहिला. पुस्तक पॅरिसला निघालें तेव्हां ग्रंथकार चीनमध्येंच होता; तो स्वदेशीं परतला १८५२ त.

ग्रंथाचें खरें सामर्थ्य डोंगरपठारावरील रोजच्या जिण्याच्या वर्णनांत आहे. येथें ह्यूकचा हात धरणारा दुसरा प्रवासी विरळा. मुक्कामावर पोंचतांच तंबू ठोकणें, पाणी किंवा बर्फ शोधणें आणि सरपण गोळा करणें हा क्रम. सरपण म्हणजे माळावर पडलेलें वाळलें शेण व लेंड्या. त्यास मोंगल लोक ‘अर्गोल’ म्हणतात. या अर्गोलांची ह्यूकनें प्रतवारी लावली आहे. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या पहिल्या प्रतीच्या, कारण त्यांचा विस्तव सर्वांत प्रखर. त्यांच्या खालीं उंटाची लीद, मग गाईबैलांचें शेण, आणि सर्वांत हलकी घोड्याची लीद. हें वाचतांना हंसूं येतें. पण गोवऱ्यांवर ज्यांचा स्वयंपाक होतो त्या आपल्या देशांतील कोणत्याही गृहिणीस विचारावें. जळणाचे असे गुणदोष ती तोंडपाठ सांगेल. विस्तव कशाचा चांगला होतो हें ज्यानें थंडीनें काकडत रोज शिकलें, त्यालाच अशी प्रतवारी सुचते. घरीं बसून लिहिणाऱ्यास ती सुचणार नाहीं.

तसेंच खाण्याचें. सातूचें भाजलेलें पीठ, म्हणजे त्सांपा, कढत चहांत मळून त्याचे गोळे करावे, ते ऊन फडक्यांत गुंडाळून उराशीं धरावे, वर कातड्याचे सगळे कपडे चढवावे, आणि दुपारीं काढून पाहावें तों गोळा गोठलेला! तो तसाच दांतांनीं फोडून खावयाचा. गाबेचा चेहरा व हातपाय हिमानें बधिर झाले, आणि अखेर त्यास गुंडाळून जनावराच्या पाठीवर ओझ्यासारखें बांधून न्यावें लागलें. काफिल्यांतील जे चालेनासे झाले ते जिवंतपणींच मागें सोडण्यांत आले. त्यांची संख्या ह्यूक चाळिसांहून अधिक सांगतो. मुरुइ-उसु नदी गोठली तेव्हां पोहून जाणारे रानटी याक पन्नासांहून अधिक संख्येनें बर्फांत जागच्या जागीं अडकून मेलेले त्याला दिसले. डोकीं तेवढीं वर, आणि डोळे पक्ष्यांनीं टोंचून नेलेले. ल्हासाहून पूर्वेकडे जातांना एका बर्फाच्या कड्यावरून आधीं याक, मग माणसें, घोडीं, सर्वच घसरत खालीं गेलीं, तो प्रसंग तर प्रसिद्धच आहे.

या मजकुरांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ह्यूक स्वतःला वीर म्हणून कोठेंही दाखवीत नाहीं. घोड्यावर बसणें हें त्याच्या लेखीं शौर्य नसून सोय आहे, आणि ती सोय पुष्कळदां गैरसोय होते. चढावर जनावरांचा दम तुटला म्हणजे उतरून लगाम धरून चालावयाचें, थंडीनें पाय बधिर झाले म्हणजे ऊब यावी म्हणून पुन्हा उतरून चालावयाचें. मग घोडा कशाला, असा प्रश्न वाचकासच पडतो. बढाईखोर प्रवाशाचा घोडा ग्रंथांत नेहमीं दौडत असतो. ह्यूकचा घोडा बहुतेक चालतो, अडतो आणि भुकेला राहतो.

आतां आक्षेपांकडे वळूं. रशियन प्रवासी प्रझेवाल्स्की हा १८७० ते १८७३ या काळांत मोंगोलियांतून कोकोनोर व त्सायदाम ओलांडून यांगत्सेच्या उगमाकडील प्रदेशापर्यंत गेला, आणि परत आल्यावर त्यानें ह्यूकवर बरीच झोड उठविली. पुहाइन-गोल नदीचे ह्यूकनें बारा फांटे सांगितले होते. प्रझेवाल्स्कीस तेथें एकच लहान, उथळ पात्र दिसलें. बुर्हान-बोता डोंगरावर विषारी वाफा आहेत असें ह्यूकचें म्हणणें. प्रझेवाल्स्कीस वाफा कोठेंच आढळल्या नाहींत. प्रझेवाल्स्कीच्या ग्रंथाच्या १८७६ च्या इंग्रजी आवृत्तीस प्रस्तावना लिहितांना कर्नल यूल यानें तेथेंच ह्यूकची बाजू घेतली. पुढें तिबेट ओलांडून आलेला प्रिन्स हेन्री दॉर्लेआं व अमेरिकन पंडित रॉकहिल या दोघांनींही, प्रदेश स्वतः पाहून, ह्यूकच्या बाजूनें साक्ष दिली. शेवटीं पेल्यो यानें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत त्या काळचीं पत्रें, अहवाल व ग्रंथ हीं एकमेकांशीं ताडून पाहिलीं. त्याचें मत असें कीं, प्रवास खरा, मार्ग खरा. मात्र ह्यूकच्या तारखा ठिकठिकाणीं जुळत नाहींत आणि त्याची कल्पनाशक्ति प्रसंगांस रंग देण्यांत कसूर करीत नाहीं.

आम्हांस येथें पेल्योच्या पुढें एक पाऊल टाकावयाचें आहे. ‘ह्यूक विश्वसनीय कीं अविश्वसनीय’ हा प्रश्नच मुळांत चुकीचा मांडला गेला. एकाच पानावर त्याच्या लेखणीनें चार निरनिराळ्या जातींचा मजकूर उतरतो : डोळ्यांनीं पाहिलेला, त्यावर स्वतः लढविलेल्या तर्काचा, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला, आणि पुढें मकावास बसून जुळविलेला. चारहींस एकच वजन लावलें म्हणजे प्रझेवाल्स्कीसारखा चांगला निरीक्षकही फसतो.

बुर्हान-बोताचेंच उदाहरण घ्या. चढण्यापूर्वी सर्वांनीं उपाय म्हणून लसणाच्या दोनतीन पाकळ्या खाल्ल्या. थोड्याच वेळांत घोडे पुढें पाऊल टाकीनात, माणसांचे चेहरे उतरले, पायांत बळ राहिलें नाहीं, ओकाऱ्या येऊं लागल्या. ह्यूकनें याचें कारण कार्बॉनिक ॲसिड वायु असें दिलें, आणि पुरावा म्हणून सांगितलें कीं त्या जागीं विस्तव नीट पेटत नाहीं, अर्गोल नुसते धुमसतात. कारण साफ चुकीचें आहे. सुमारें पंधरा हजार फुटांवर हवाच विरळ असते, आणि त्या उंचीवर प्राणवायूच्या टंचाईनें माणसाची ही अशीच गत होते. परंतु पुरावा पाहा! विरळ हवेंत विस्तव मंद जळणें हें अगदीं स्वाभाविक आहे. म्हणजे ह्यूकचा तर्क खोटा ठरला तरी त्याची नजर खरी ठरली. किंबहुना जी बाब त्याच्या चुकीच्या उपपत्तीस आधार म्हणून त्यानें दिली, तीच आज त्याच्या निरीक्षणाची साक्ष देते. वाफा न सांपडल्यामुळें प्रझेवाल्स्कीनें तर्काबरोबर निरीक्षणासही बाद ठरविलें. हें म्हणजे एका ओळीची शाई फिकट म्हणून सबंध कागद बनावट म्हणण्यासारखें झालें.

पुहाइन-गोलच्या बारा फांट्यांविषयीं आम्ही इतकेंच म्हणतों कीं, पठारावरील रेताड पात्राच्या नद्या ऋतूप्रमाणें व वर्षाप्रमाणें फांटे बदलतात. एकानें बारा पाहिले व दुसऱ्यानें एक पाहिला, यावरून दोघांपैकीं एक लबाड असें निघत नाहीं. उलट काफिल्याच्या आंकड्यांविषयीं मात्र आम्ही ह्यूकच्या बाजूस उभे राहूं शकत नाहीं. दोन हजार माणसें, पंधरा हजार याक, बाराशें घोडे आणि तितकेच उंट! असे वाटोळे आंकडे आपल्या बखरकारांच्या वाचकांस चांगले ओळखीचे आहेत. ते कोणी मोजलेले नसतात. मोठा जमाव पाहून झालेल्या मनाच्या स्थितीचे ते आंकडे असतात. ‘काफिला फार मोठा होता’ इतकाच त्यांचा अर्थ घ्यावा.

कुम्बुम् येथील झाडाची गोष्ट याहून नाजूक. त्सोंखापाच्या जन्मस्थळीं त्याच्या केसांपासून उगवलें असें मानलेलें हें झाड. त्याच्या प्रत्येक पानावर व सालीवर तिबेटी अक्षरें आपण पाहिलीं, त्यांत लामांची कांहीं लबाडी असेल म्हणून बारकाईनें तपासलें, पण ती सांपडली नाहीं, असें ह्यूक लिहितो. पुढें गेलेल्यांस झाड सांपडलें, तें लिलाकच्या जातीचें ठरलें. ह्यूकनें वर्णिलेलीं तशीं अक्षरें मात्र रॉकहिलला पाहावयास मिळालीं नाहींत. येथें आमची चौकट थोडी अडखळते हें कबूल केलें पाहिजे, कारण ह्यूक हें डोळ्यांनीं पाहिलें म्हणतो. आमचा तर्क असा कीं, नव्यानें शिकलेली लिपि डोळ्यांत ताजी असतां सालीवरील डागांत व पानांच्या शिरांत ती दिसूं लागणें अशक्य नाहीं. जीर्ण शिलालेखापुढें तासभर उभें राहिल्यावर नसलेला काना-मात्रा दिसूं लागतो, हा अनुभव आपल्यापैकीं किती जणांस नाहीं? परधर्माचा चमत्कार एका ख्रिस्ती पाद्र्यानें आपल्या मताविरुद्ध जाऊन नोंदवावा, यांत लबाडीपेक्षां भाबड्या प्रामाणिकपणाचा भाग अधिक दिसतो.

ल्हासाचें प्रकरण ग्रंथांतील सर्वांत रम्य, आणि संशोधकानें सर्वांत सांभाळून वाचावयाचें. दलाई लामा त्या वेळीं अल्पवयी होता व सत्ता कारभाऱ्याच्या हातीं होती. या कारभाऱ्याशीं झालेलीं धर्मविषयक संभाषणें ह्यूकनें प्रश्नोत्तरांच्या रूपानें पानेंच्या पानें दिलीं आहेत. हीं जुळविलेलीं आहेत हें उघड आहे. इतकीं सफाईदार उत्तरें प्रत्यक्ष बोलण्यांत कोणी देत नाहीं. पण त्यांच्याच शेजारीं एक प्रसंग असा आहे कीं तो जुळविलेला असूं शकत नाहीं. पाद्र्यांनीं आपलें सूक्ष्मदर्शक यंत्र दाखविलें आणि कांचेखालीं ठेवण्यास एक ऊ मागितली. एका लामानें तत्काळ आपल्या झग्यांत हात घालून ती काढून दिली. परंतु ती मारावयाची आहे असें दिसतांच तो आडवा आला, कारण जीवहत्या! विनोद म्हणून हें सुचलें असतें तर ह्यूकनें त्याचा शेवट अधिक नाट्यमय केला असता.

आपल्या दृष्टीनें या प्रकरणांतील महत्त्वाचा भाग निराळाच आहे. ह्यूकला ल्हासांत एका काश्मिरी माणसाकडून कळलें कीं, मूरक्रॉफ्ट नांवाचा इंग्रज १८२६ पासून बारा वर्षें काश्मिरी वेषांत तेथें राहिला, गुरें विकत घेऊन त्यांच्या मिषानें डोंगरांत फिरून नकाशे काढीत असे, आणि १८३८ मध्यें लडाखकडे परत जातांना लुटारूंनीं मारला गेला. मग त्याच्या सामानांत नकाशे निघाले. विल्यम मूरक्रॉफ्ट हा ईस्ट इंडिया कंपनीच्या घोड्यांच्या पागेचा अधीक्षक. १८१२ त तो हीअर्सीसह गोसाव्याच्या वेषांत मानससरोवरापर्यंत गेला होता, आणि पुढें चांगल्या घोड्यांच्या शोधांत बुखाऱ्यापर्यंत पोंचला. परत येतांना ऑगस्ट १८२५ मध्यें तो अंदखुई येथें वारला, हें सर्वमान्य आहे. त्याचा सोबती ट्रेबेक हाही थोड्याच काळांत गेला. उरलेल्या कागदांवरून विल्सन यानें त्याचा प्रवासवृत्तांत १८४१ मध्यें प्रसिद्ध केला.

मग ल्हासाची कथा काय समजावी? कित्येकांनीं ह्यूकची आणखी एक थाप म्हणून ती सोडून दिली; कांहींनीं उलट मूरक्रॉफ्ट खरोखरच बारा वर्षें ल्हासांत राहिला असें मानण्याची हौस दाखविली. दोन्ही पक्ष ऐकीव मजकुराची जात विसरले. ह्यूक मूरक्रॉफ्टविषयीं साक्षी नव्हेच. ल्हासांत मूरक्रॉफ्टविषयीं काय बोललें जात होतें, याचा तो साक्षी आहे. आणि त्या बाबतींत त्याची साक्ष बळकट आहे, कारण तिला दुसरा आधार त्याच ग्रंथांत मिळतो. पाद्र्यांच्या पेट्या तपासतांना कारभारी व चिनी अंबान कि-शान या दोघांचें लक्ष नकाशांवरच खिळलें. ते नकाशे युरोपांत छापलेले आहेत, हातानें काढलेले नाहींत, हें दिसल्यावर मग सर्वांचा जीव खालीं पडला. हा कि-शान म्हणजे १८४१ च्या सुमारास कँटनकडे इंग्रजांशीं बोलणीं करून पदच्युत झालेला मुत्सद्दी. इंग्रज म्हणजे काय हें त्याला कोणी सांगावयास नको होतें. ल्हासाच्या दरबारास नकाशे काढणाऱ्या परक्याची किती दहशत होती, हें या ऐकीव कथेवरून जितकें कळतें तितकें सरकारी कागदावरूनही क्वचितच कळेल. मूरक्रॉफ्टच्या पदरच्या कोणा माणसाजवळ त्याचे कांहीं कागद राहिले व ते तिबेटांत सांपडले, असें घडणें शक्य आहे. पण हा आमचा केवळ तर्क आहे.

गाबेविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून हें परीक्षण पुरें होणार नाहीं. मोहिमेंतील वडील तो. मोंगल लोकांत ह्यूकच्या आधींपासून काम केलेलाही तोच. तिबेटहून परतल्यावर तो लागलीच युरोपास गेला. चीनमधील मिशनांच्या स्थितीवर त्यानें पोपला सादर केलेलें टिपण १८४८ त छापलें गेलें, पण त्यांतील स्पष्टोक्ति वरिष्ठांस रुचली नाहीं व तें दाबलें गेलें. १८५३ मध्यें तो रिओ-दि-जानेरो येथें वारला. प्रवासाची कीर्ति मात्र सगळी ह्यूकच्या पदरीं पडली. ह्यूकचा ग्रंथ रसाळ. गाबेचीं पत्रें कोरडीं, पण प्रवासाला अधिक जवळचीं. तारखांचा प्रश्न आला कीं कोरडा कागद वर चढतो, हें राजवाडे यांच्या परंपरेंत वाढलेल्यांस सांगावयास नको.

मात्र त्या परंपरेंतील एक सवय येथें आड येते, तीही सांगितली पाहिजे. आठवणी म्हटल्या कीं आम्ही त्या बखरींच्या गाठोड्यांत बांधून बाजूस ठेवतों. विष्णुभट गोडसे वरसईकर हा आपल्याकडील भिक्षुक १८५७ मध्यें यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेनें उत्तरेकडे निघाला, झांशीच्या वेढ्यांत सांपडला, आणि सुमारें पंचवीस वर्षांनीं, १८८३ त, चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यानें ती हकीकत लिहिली. १९०७ मध्यें वैद्य यांनीं ती भाषेंत फेरफार करून छापली. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनीं केलेली आवृत्ति निघाली १९६६ त. त्या साठ वर्षांत ज्यांनीं गोडसे भटजींचा आधार घेतला त्यांनीं वैद्यांची भाषा गोडश्यांची म्हणून वापरली. झांशींत भटजींनीं स्वतः पाहिलेलें व इतरत्र ऐकलेलें यांची वर केली तशी विभागणी मूळ प्रतीवरच करतां येते, छापील सुधारणेवर नाहीं. ह्यूकला सुधारक लाभला नाहीं, तो स्वतःच आपला सुधारक झाला. म्हणून त्याच्या बाबतींत ही विभागणी अधिक अवघड.

संग्राहकांसाठीं आवृत्तींविषयीं सांगून थांबतों. १८५० ची मूळ फ्रेंच आवृत्ति मिळाल्यास उत्तम. अभ्यासास प्लांशे यानें टीपा देऊन पेकिंगच्या लाझारिस्ट छापखान्यांतून १९२४ त काढलेली आवृत्ति अधिक उपयोगी. इंग्रजी वाचकांनीं १९२८ ची, पेल्योच्या प्रस्तावनेची प्रत घ्यावी, आणि ती प्रस्तावना ग्रंथ वाचल्यावर वाचावी, आधीं नव्हे. हॅझ्लिटच्या भाषांतराची आमच्याजवळील जुनी प्रत जुन्या बाजारांतली असून तिच्यांतील नकाशा कोणीसा पूर्वीच कापून नेलेला आहे. ल्हासाच्या कारभाऱ्यास हें कळतें तर त्यास समाधान झालें असतें.